सुझौची वाघटेकडी: आई-बाबांना घेऊन जाताय, तर एवढं आधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शांघायला भावाकडे आठ दिवस जाताय, सोबत आई-बाबा आहेत, बाबांचं वय ७२ आणि गुडघा कुरकुरतो. तिथून जवळच्या सुझौ शहरासाठी एकच दिवस हाताशी आहे. वाघटेकडी बघावी की नुसत्या बागा? टेकडी चढायला किती अवघड आहे? आणि टेकडीवरच्या झुकलेल्या मनोऱ्याच्या फोटोपलीकडे तिथे बघण्यासारखं काही आहे का?

जा, नक्की जा. बाबांनाही न्या. फक्त सगळी सकाळ तिच्यासाठी राखून ठेवा. एका दिवसात वाघटेकडी, दोन बागा, रेशमाचा कारखाना आणि संग्रहालय असं कोंबलंत तर टेकडीचा तुम्ही म्हणता तसा फोटोच हाती लागेल.

मी सतरा वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन परदेशी फिरते आणि त्यातला मोठा भाग चीनचा आहे. सुझौच्या या टेकडीवर, तिथल्या भाषेत हूछ्यूवर, तीसेक वेळा तरी गेले असेन. पहिल्या गटाला मी ती चाळीस मिनिटांत चढवून उतरवली होती. वर पोचून सगळ्यांनी मनोऱ्यासमोर फोटो काढले, पाणी प्यायले आणि बस गाठली. संध्याकाळी एका काकांनी शांतपणे विचारलं, "ताई, त्या टेकडीवर नेमकं काय होतं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीपासून मी तिच्याबद्दल वाचायला लागले आणि पुढच्या खेपेपासून तिथे अडीच तास देऊ लागले.

आधी गुडघ्याचं बघू. टेकडी जेमतेम ३५ मीटर उंच आहे. पुण्याची पर्वती जो न थांबता चढतो त्याला ही काहीच नाही. ज्याला पर्वती थांबत थांबत जमते, त्यालाही ही जमेल, कारण चढ एकसलग नाही. थोड्या पायऱ्या, मग सपाटी, मग परत पायऱ्या. पहिल्या टप्प्यावर, म्हणजे टेकडीच्या मधोमध, एक भलामोठा सपाट खडक आहे. टेकडीवरचं जे खरं बघायचं त्यातलं निम्मं त्या खडकाभोवतीच आहे. बाबांनी तिथपर्यंत जाऊन बसायचं ठरवलं तरी त्यांचा दिवस वाया गेला असं होणार नाही. मनोरा खालूनही दिसतो. वर पोचलात तरी त्याच्या आत चढू देत नाहीत, त्यामुळे तेवढी चढण कोणालाच नाही.

एक अडचण टेकडीवर पोचण्याआधीच येते, ती रेल्वे स्टेशनाची. शांघायहून वेगवान गाडीनं सुझौ अर्ध्या तासाच्या आसपास आहे, पण सुझौ नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. जुन्या शहराला लागून असलेलं ते नुसतं "सुझौ". "सुझौ उत्तर" शहरापासून बरंच लांब पडतं आणि तिथून टेकडीवर यायला सकाळचा मोलाचा तास जातो. एका बुकिंग एजंटानं आमच्या अठरा जणांच्या गटाची तिकिटं उत्तर स्टेशनाची काढली होती. गाडी सुटल्यावर ते माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी स्टेशनाचं नाव चिनी अक्षरांत पडताळून घेते. तुम्हीही भावाकडून तसं पडताळून घ्या. साध्या सुझौ स्टेशनावरून टॅक्सीनं टेकडी अगदी जवळ आहे.

पासपोर्ट प्रत्येकाचा स्वतःच्या खिशात हवा. गाडीचं तिकीट पासपोर्टवरच निघतं आणि फाटकावर तोच दाखवावा लागतो. यंत्रानं तो वाचला नाही तर शेजारच्या माणूस असलेल्या रांगेत जा, गोंधळून जाऊ नका. नकाशासाठी आणि पैसे देण्यासाठी तिथली ॲप भारतातूनच फोनवर घालून, कार्ड जोडून ठेवा. आपल्या सवयीचे नकाशे तिथे कामाला येत नाहीत.

मोसमाचं म्हणाल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि मे महिन्याचे पहिले दिवस चीनमध्ये सुट्ट्यांचे असतात. त्या दिवसांत टेकडीवर खडक दिसत नाही, माणसंच दिसतात. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत त्या भागात झिमझिम पाऊस असतो. आलुबुखाराच्या जातीची फळं पिकायची वेळ ती, म्हणून त्या पावसाला नावही त्या फळाचंच आहे. ओल्या दिवसांत टेकडी फार सुंदर दिसते, पण दगड निसरडे होतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी त्या दिवसांत वरच्या टप्प्यावर नेत नाही.

आता टेकडीकडे वळू. फाटक उघडताच पहिल्या तासात आत शिरा आणि दक्षिणेच्या बाजूनंच शिरा. तिकडून आलं की जागा ठरल्या क्रमानं उलगडत जाते. आधी पायथ्याभोवतीचं पाणी, त्यावरचा पूल, मग डोंगराचं दुसरं दार. सुझौचे लोक म्हणतात की इतर ठिकाणी डोंगरात देऊळ लपतं, इथे देवळात डोंगर लपलाय. शब्दशः खरं आहे ते. हे देऊळ म्हणजे बौद्ध विहार, आणि त्याचं दार टेकडीच्या पायथ्याशी आहे, म्हणजे तुम्ही चढायला लागण्याआधीच विहाराच्या आत असता. दुसरं दार युआन काळातलं, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातलं, लाकडी. त्याला "तुटक्या तुळईचं दालन" म्हणतात. आत गेल्यावर मान वर करून मधली तुळई बघा. एकसंध ओंडका न वापरता दोन तुकडे मध्यावर आणून ठेवलेत आणि त्यांचा भार खालच्या ब्रॅकेटांवर तोलून धरलाय. बाबा बांधकामातले असतील तर इथे पाच मिनिटं जास्त लागतील, घाई करू नका.

तिथून वर जाताना वाटेवर गोष्टी सांगणारे दगड लागतात. मधोमध चिरलेला एक दगड आहे, राजानं तलवारीची धार त्यावर पाहिली असं सांगतात. एक विहीर आहे, थांग काळातल्या, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकातल्या, एका गायिकेची समाधीही आहे. चालता चालता बघा आणि पुढे व्हा. गर्दी तिथेच अडकून पडते आणि खरी जागा अजून पुढे असते.

मात्र तो तलवारीवाला राजा कोण हे इथेच कळून घ्या, कारण वरचं सगळं त्याच्याभोवती आहे. त्याचं नाव हेल्यू, वू राज्याचा राजा. युद्धशास्त्राबद्दल जगभर ज्याचं नाव घेतलं जातं तो सुन वू याच राजाच्या पदरी होता असं परंपरा सांगते. इ.स.पूर्व ५१४ मध्ये हेल्यूनं आज जिथे सुझौ आहे तिथे राजधानी वसवली. त्याच्या आधीच्या वर्षी तो गादीवर आला होता. त्याच्या माणसानं मेजवानीत वाढलेल्या माशाच्या पोटात खंजीर लपवून आधीच्या राजाला मारलं, अशी ती हकीगत. इ.स.पूर्व ४९६ मध्ये शेजारच्या यूए राज्याशी लढताना हेल्यूच्या पायाला जखम झाली आणि तीच त्याला भोवली. मुलानं, फूछायनं, त्याला या टेकडीखाली पुरलं आणि सोबत राजाच्या आवडत्या तलवारी ठेवल्या. तीन हजार, असा आकडा सांगतात. तीन दिवसांनी टेकडीवर एक पांढरा वाघ येऊन बसलेला लोकांनी पाहिला. म्हणून ही वाघटेकडी. चिनी कल्पनेत पांढरा वाघ हे धातूचं रूप आहे, म्हणजे पुरलेल्या धातूचं सत्त्व वाघ होऊन वर आलं असा त्या गोष्टीचा रोख आहे.

आता मी वर सांगितलेला तो सपाट खडक. त्याचं नाव "हजार माणसांचा खडक". जांभळट तांबूस रंगाचा, ज्वालामुखीतून आलेला, किंचित उतरता, जणू कोणी अंगण सारवून ठेवलंय. गटाला मी इथे बसवते आणि पंधरा मिनिटं कोणालाही उठू देत नाही.

नावाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की राजाची कबर पुरी झाल्यावर तिचं गुपित फुटू नये म्हणून कारागिरांना इथेच मारलं, आणि खडकाचा रंग त्यांच्या रक्तामुळे आला. रंग खरं तर खडकातल्या लोहाचा आहे. पण अशा आठवणीत कारागिरांचीही जागा राहिली याचं मला बरं वाटतं.

दुसरी गोष्ट मी मराठी गटाला नेहमी सविस्तर सांगते, कारण तिचा धागा भारतापर्यंत येतो. पाचव्या शतकात झू दाओशंग नावाचा एक भिक्खू इथे आला. माणूस चिनीच, पण त्याच्या नावातलं "झू" हे अक्षर भारताच्या जुन्या चिनी नावातून, "तिएनझू"मधून आलंय. त्या काळी चिनी भिक्खू आपल्या गुरुपरंपरेचं नाव लावत, आणि या परंपरेचा उगम भारतात. बौद्ध ग्रंथांचे थोर भाषांतरकार कुमारजीव यांच्या हाताखालीही दाओशंग शिकला होता. महापरिनिर्वाण सूत्र या बौद्ध ग्रंथाचं जे संक्षिप्त भाषांतर तेव्हा दक्षिण चीनमध्ये होतं त्यात "इच्छंतिक", म्हणजे सगळी श्रद्धा गमावलेली माणसं, बुद्धत्वाला पोचू शकत नाहीत असा अर्थ निघत होता. दाओशंग म्हणाला, हे असं असूच शकत नाही. प्रत्येक जिवात बुद्धत्व आहे, इच्छंतिकातही आहे. ग्रंथात नाही ते बोलतो म्हणून राजधानीतल्या भिक्खूंनी त्याला संघातून काढलं. राजधानी म्हणजे आजचं नानजिंग. तिथून निघून तो या टेकडीवर आला. ऐकायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यानं दगड रचले आणि दगडांना प्रवचन दिलं. "इच्छंतिकातही बुद्धत्व आहे ना?" असं त्यानं विचारलं आणि दगडांनी मान डोलावली.

खडकालगतच्या तळ्यात एक दगड दाखवतात, मान डोलावलेला. तो ही गोष्ट पुढे नेतो एवढंच त्याचं काम. पण त्यानंतर जे झालं ते इतिहासात नोंदलेलं आहे. भारतातून गेलेल्या धर्मक्षेमानं चीनच्या वायव्येला त्याच सूत्राचं मोठं भाषांतर ४२१ पर्यंत पुरं केलं होतं. ते दक्षिणेत पोचायला काही वर्षं लागली. पोचलं तेव्हा त्यात इच्छंतिकही बुद्धत्वाला पोचतात असं लिहिलेलं निघालं. दाओशंगला परत मान मिळाला आणि ४३४ मध्ये लू पर्वतावर व्यासपीठावरून बोलत असतानाच तो वारला असं त्याच्या चरित्रात आहे. चिनी भाषेत "अडाणी दगडानंही मान डोलावली" हा आजही चालता वाक्प्रचार आहे. एखाद्यानं इतकं पटवून सांगितलं की अगदी हट्टी माणसालाही पटलं, असं म्हणायचं असेल तेव्हा वापरतात.

ही गोष्ट सांगून झाली की गटात हमखास शांतता पसरते. आपल्याकडे ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले, हे कोणीतरी हळूच म्हणतंच. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मराठी माणसाला तिथे बसून ती आठवण होणारच आणि होऊ द्यावी.

याच खडकावर मिंग काळात, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकात, दर वर्षी चिनी मध्य-शरद सणाच्या पौर्णिमेच्या रात्री सगळं सुझौ गाण्यासाठी जमायचं. खुनछू हे चीनचं जुनं संगीतनाट्य शेजारच्या खुनशानमधलं. २००१ मध्ये युनेस्कोनं पहिल्यांदा जगातल्या मौखिक वारशांची यादी केली तेव्हा त्यात खुनछू होतं. सुरुवातीला शेकडो गळे एकदम सुरू व्हायचे. रात्र चढेल तसे एकेक गाणारे थांबत आणि शेवटी एकच आवाज उरे, तोही बिनसाथीचा. आईंना गाण्याची आवड असेल तर खडकावर बसून हे त्यांना सांगा.

खडकाच्या उत्तरेला गोल दार दिसेल. त्यातून आत गेलं की हवा एकदम गार होते. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये अरुंद काळंशार पाणी. हे "तलवारतळं". हेल्यूची कबर याच्या खाली असल्याचं मानतात. दाराच्या अलीकडे "हूछ्यू तलवारतळं" अशी चार मोठी अक्षरं कोरलेली आहेत. ती थांग काळातल्या यान झनछिंग या थोर सुलेखनकाराच्या घराण्याशी जोडतात. पहिली दोन झिजली म्हणून मिंग काळात ती नव्यानं कोरली. म्हणून सुझौत म्हणतात, "हूछ्यू खोटं, तलवारतळं खरं". बाबांना चारही अक्षरं नीट बघायला सांगा आणि कोणती दोन वेगळ्या हातची वाटतात ते विचारा. चिनी न येणाऱ्यालाही बरेचदा ओळखता येतं.

कबर खरंच आहे का, हा प्रश्न दर गटात निघतो. मी गोष्ट वेगळी आणि पुरावा वेगळा ठेवते, तुम्हीही ठेवा. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग तलवारींसाठी इथे खणायला आला आणि नंतर तिसऱ्या शतकातला, तीन राज्यांच्या काळातला राजा सुन छुआनही आला, या सांगोवांगीच्या गोष्टी. १५१२ च्या सुमारास तळं आटलं आणि आत कबरीच्या दारासारखं काही दिसलं, असं तेव्हाच्या सुझौच्या नामवंतांनी कड्यावर कोरून ठेवलंय, हे मात्र लिखित आहे. मग १९५५ मध्ये गाळ काढण्यासाठी तळ्याचं पाणी उपसलं, तेव्हा उत्तर टोकाला एक त्रिकोणी भोक उघडं पडलं. आत माणूस जाईल असा सुमारे १० मीटरचा बोळ, आणि बोळाच्या शेवटी माणसाच्या हातानं बसवलेल्या उभ्या शिळा. त्या शिळांच्या पलीकडे काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. शिळा काढल्या नाहीत, भोक बुजवलं, पाणी परत भरलं.

का काढल्या नाहीत, याचं कारण तुमच्या डोक्यावर उभं आहे. तो मनोरा.

वर जायला खडकाजवळूनच ५३ पायऱ्या आहेत. आकडा मोजून ठेवलेला आहे. गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथातला सुधन हा तरुण ज्ञानाच्या शोधात एकामागून एक ५३ गुरूंना भेटतो, त्यात भिक्खू, व्यापारी, राजा, नावाडी, मुलं सगळे आहेत. एक पायरी म्हणजे एक गुरू. गुडघेदुखी असलेल्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते. दहा गुरूंनंतर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढच्या गुरूकडे जायचं. माझ्या गटातल्या एक ७८ वर्षांच्या आजी अशा ५३ च्या ५३ चढल्या आणि वर पोचल्यावर म्हणाल्या की आज बऱ्याच जणांना नमस्कार झाला.

वर आहे तो युनयान विहाराचा मनोरा. बांधकाम ९५९ मध्ये सुरू झालं, ९६१ मध्ये संपलं. पिसाचा मनोरा सुरू झाला ११७३ मध्ये, म्हणजे हा त्याहून दोनशे वर्षांनी थोरला. सात मजले, अष्टकोनी, पूर्ण विटांचा, पण विटांनी लाकडाची नक्कल केलेली. खांब, तुळया, ब्रॅकेट सगळं विटांत. आज उंची ४७.७ मीटर आहे. पूर्वी प्रत्येक मजल्याला लाकडी पागोळ्या होत्या, कळस होता. अनेक आगींत ते गेलं. शेवटची मोठी आग १८६० च्या, चीनमधल्या तायपिंग नावाच्या मोठ्या बंडाच्या धामधुमीतली. उरला तो हा उघडा, विटकरी सांगाडा. आगीनं झालेलं नुकसान मोठं आहे, तरी पागोळ्या नसल्यामुळे मनोऱ्याची बाह्यरेषा स्वच्छ दिसते आणि त्याचा कल लपत नाही.

कल किती? टोक पायाच्या मध्यापासून २.३ मीटरहून जास्त सरकलंय, ईशान्येकडे. आता कारण बघा, ते साधंच आहे आणि जागेवर उभं राहून समजतं. मनोऱ्याला आपण म्हणतो तसा खोल पाया नाही. विटांचे बारा जाड खांब, आठ बाहेर आणि चार आत, बहुतेक सरळ भरावावर उभे आहेत. भरावाखाली टेकडीचा खडक आहे आणि तो उतरता आहे. म्हणजे एका बाजूला भराव पातळ, दुसऱ्या बाजूला जाड. हजारो टन विटांचं ओझं पडल्यावर जाड भराव जास्त दबला आणि मनोरा तिकडे कलला. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं भरावातली माती धुऊन नेत राहिलं, त्यानं भर घातली. घराचा पाया खणताना गवंडी "मुरूम लागेपर्यंत खाली जा" म्हणतो त्याचं हे हजार वर्षांचं उदाहरण आहे.

पण मी ज्याच्यासाठी लोकांना मागे सरकवते ती गोष्ट वेगळी. मनोऱ्याच्या अगदी जवळ उभं राहिलं तर तो नुसता कललेला वाटतो. थोडं खाली, बाजूला जाऊन पूर्ण मनोरा एका नजरेत घ्या. तो सरळ रेषेत कललेला नाही, किंचित वाकलेला आहे. सगळ्यात वरचा मजला १६३८ मध्ये नव्यानं बांधला. तेव्हाच्या गवंड्यांना कल दिसत होता, म्हणून त्यांनी तो मजला उलट्या बाजूला थोडा सावरून घेतला. त्यांच्या हाताची ती सुधारणा आजही खालून दिसते. त्या गवंड्यांची नावं उरलेली नाहीत. माझ्यासाठी या टेकडीवरची सगळ्यात हलवणारी खूण तीच आहे.

विसाव्या शतकात कल धोक्याचा झाला, भेगा वाढल्या. १९५६-५७ मध्ये पहिली मोठी दुरुस्ती झाली. विटांच्या आत, बंद पोकळ्यांत, ठेवून दिलेल्या वस्तू तेव्हा हाती आल्या. दगडी पेटी, सूत्रांच्या गुंडाळ्या, आणि कमळाच्या आकाराचा हिरवट झिलईचा चिनी मातीचा पेला. एका पेटीवरच्या लिखाणावरून मनोऱ्याचं वर्षही पक्कं झालं. तो कमळपेला आज सुझौ संग्रहालयात आहे. संग्रहालयाची २००६ ची इमारत वास्तुकार आय. एम. पेई यांची, ज्यांचं घराणं सुझौचंच. सोमवारी ते बंद असतं आणि आधी वेळ घ्यावी लागते. दुपारी ताकद उरली तर तेवढा पेला बघून या. सकाळी ज्या भिंतीत तो हजार वर्षं होता ती भिंत बघितलेली असते, त्यामुळे काचेआडची वस्तू वेगळीच वाटते.

दुसरी दुरुस्ती १९८१ ते १९८६. मनोरा सरळ करायचा नाही, आहे तिथे थांबवायचा, असं ठरवून ती केली. भोवती जमिनीत काँक्रीटच्या ४४ खांबांचं कडं घातलं, म्हणजे माती बाहेर सरकणार नाही. मातीत सिमेंटचं मिश्रण भरलं. वर काँक्रीटचं झाकण घातलं, पाणी आत मुरू नये म्हणून. खालच्या खांबांच्या चिरडलेल्या विटा एकेक करून बदलल्या. तुम्ही मनोऱ्याभोवती उभे राहता तेव्हा हे सगळं पायाखाली आहे आणि त्याचं काहीच दिसत नाही.

आता तलवारतळ्याकडे परत या. ती कबर, असलीच तर, याच मनोऱ्याच्या बाजूला आत जाते. शिळा हलवल्या तर मनोऱ्याखालचा खडक-मातीचा तोल बिघडू शकतो. म्हणून दार तसंच ठेवलंय. कुतूहल तसंच ठेवून उभी वास्तू जपायची, हा निर्णय मला पूर्ण पटतो. गटातल्या तरुणांना तो नेहमीच पटत नाही, आणि तिथे उभं राहून होणारा वादही ऐकण्यासारखा असतो.

उतरताना पूर्वेकडे बोन्सायची मोठी बाग आहे, १९८२ मध्ये केलेली. सपाट आहे, बसायला जागा आहे. आई-बाबा दमले असतील तर तिथे अर्धा तास आरामात जातो. टेकडीच्या उतारावरच १८८४ ची एक छोटी बाग आहे जिच्यात पाण्याचं तळंच नाही. सुझौच्या बागेत तळं नसणं हे आपल्याकडे वाड्याला चौक नसण्यासारखं आहे, म्हणून बागांची आवड असेल तर डोकवा, नाहीतर सोडा.

खाण्याचं नीट सांगते. सुझौचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे गरम रश्श्यातल्या शेवया, पण भाज्यांच्या दिसल्या तरी रस्सा हाडांचा किंवा माशाचा असतो. शाकाहारी असाल तर "वो छ्र सू" हे तीन शब्द पाठ करा, "मी शाकाहारी जेवतो". "सू" म्हणजे शाकाहारी. सोबत रश्श्याचं वेगळं विचारा, भावाला फोन लावून द्या. मी अजूनही त्या दिवशी पिशवीत दशम्या आणि लोणचं ठेवते. गरम पाणी मात्र चीनमध्ये कुठेही, स्टेशनावरसुद्धा, सहज मिळतं. थर्मास न्याच. चहा प्यायचा असेल तर तिथला हिरवा चहा जवळच्या ताइहू सरोवराकाठचा असतो. साखर-दूध न घालता पहिला घोट घेऊन बघायला सांगा.

परतताना टॅक्सी करू नका. टेकडीपासून जुन्या शहराच्या वेशीपर्यंत शानथांग नावाची गल्ली आणि तिच्याशेजारी कालवा जातो, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ८२५ मध्ये बाय जुयी हा कवी सुझौचा सुभेदार होऊन आला, तेव्हा लोकांना टेकडीवर नीट जाता यावं म्हणून त्यानं कालवा खोदवून काठानं हा रस्ता केला. २०१४ मध्ये चीनचा महाकालवा जागतिक वारशात गेला, त्यात ही गल्ली आणि मनोरा दोन्ही धरलेत. बाबांसाठी बोट घ्या. शहराकडचं टोक दुकानांचं आणि गोंगाटाचं आहे. टेकडीकडचा भाग शांत असतो. घाटाच्या पायऱ्यांवर कोणी भाजी धूत असतं, दारात कपडे वाळत असतात.

आणि मे ते सप्टेंबरच्या दरम्यान जात असाल तर गल्लीच्या कडेला टोपलीवर ओलं फडकं टाकून बसलेल्या म्हाताऱ्या बायका शोधा. वाघटेकडीच्या परिसरात पूर्वीपासून मोगरा आणि पांढरा चाफा लावतात. हा पांढरा चाफा आपल्या सोनचाफ्याचाच सख्खा नातलग आहे, वासावरून आई लगेच ओळखतील. दोन कळ्या बारीक तारेत ओवून देतात. केसांत न माळता तिथल्या बायका त्या सदऱ्याच्या बटणाला अडकवतात. आईंना दोन घेऊन द्या, एक बटणाला आणि एक केसांत.